ओळखीचा सर्जन निवडला आणि पित्तनलिकेचं दुखणं जन्मभर पुरलं : ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांची गोष्ट

मुळशी तालुक्यातल्या एखाद्या गावात कुणाला कावीळ झाली, की आधी घरात पथ्य सुरू होतं. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. कुणीतरी काविळीचं औषध देणाऱ्या माणसाचं गाव सांगतं. त्यात आठ-पंधरा दिवस जातात. डोळे आणखी पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते. मग पौड नाहीतर पिरंगुटला सोनोग्राफी होते आणि कळतं की ही साधी कावीळ नाही. यकृतातून पित्त खाली आणणारी नळीच कुठंतरी अडली आहे. पुण्याला न्या.

चांदणी चौक ओलांडून पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर डॉक्टर एक नवा शब्द सांगतात, 'पीटीबीडी'. म्हणजे बरगड्यांच्या मधून यकृतात सुई घालायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत अडलेल्या पित्तनलिकेत नळी सरकवायची आणि साठलेलं पित्त बाहेर काढायचं. पोटाला काही दिवस पिशवी राहील, असंही सांगतात. कॉरिडॉरमध्ये उभे असलेले नातेवाईक मग एकमेकांना एकच प्रश्न विचारतात. आपल्या ओळखीचं कोण आहे का इथं?

१९५३ साली लंडनमध्ये एका माणसानं आपला सर्जन असाच ओळखीनं निवडला होता. तो माणूस ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होता आणि दोन वर्षांनी पंतप्रधान होणार होता. नाव, अँथनी ईडन. त्या एका ऑपरेशननंतर त्यांच्या पोटावर आणखी चार ऑपरेशनं झाली. त्यांच्या तापाचा आणि औषधांचा एका युद्धाच्या निर्णयावर परिणाम झाला का, यावर इतिहासाचे अभ्यासक आजही वाद घालतात.

आधी ही नळी समजून घेऊ

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते बारीक बारीक नळ्यांमधून गोळा होत एका मुख्य नळीत येतं आणि लहान आतड्यात पडतं. वाटेत बाजूला एक छोटी पिशवी असते, ते पित्ताशय. पित्ताशयात खडे झाले आणि त्रास द्यायला लागले, तर पित्ताशय काढून टाकतात. त्यावाचून माणूस आरामात जगतो.

मुख्य पित्तनलिकेचं मात्र तसं नाही. ती असते जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, पेन्सिलीपेक्षाही बारीक. पित्ताशय काढताना ती अगदी शेजारी असते, त्यात सूज आणि रक्त असलं की ओळखायला अवघड जाते. चुकून तिला कात्री किंवा टाका लागला, की दोनपैकी एक गोष्ट होते. पित्त पोटात गळतं, नाहीतर नळी आकसते आणि पित्त मागं तुंबतं. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. मग थंडी वाजून ताप, पोटात दुखणं आणि कावीळ असं त्रिकूट सुरू होतं. याला कोलँजायटिस म्हणतात. वेळेत पित्ताला वाट करून दिली नाही, तर जंतुसंसर्ग रक्तात पसरून जीव जाऊ शकतो.

दोन भाऊ, एक मुलगा आणि दोन महायुद्धं

ईडन यांचा जन्म १२ जून १८९७ चा, इंग्लंडच्या डरहम परगण्यातल्या विंडलस्टोन हॉल या वाड्यातला. घराणं सरदारांचं. शिक्षण ईटनमध्ये. सगळं आयुष्य आखून दिल्यासारखं होतं, पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. थोरला भाऊ जॉन त्याच वर्षी मारला गेला. १९१६ मध्ये जटलंडच्या सागरी लढाईत धाकटा भाऊ निकोलस गेला, तेव्हा तो अवघा १६ वर्षांचा होता. ईडन स्वतः खंदकांमध्ये लढले आणि त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला.

युद्धानंतर ते ऑक्सफर्डला गेले आणि फारसी-अरबी शिकले. ज्या अरब जगानं पुढं त्यांचं राजकारण संपवलं, त्या जगाची भाषा त्यांना येत होती. १९२३ मध्ये ते खासदार झाले आणि १९३५ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, परराष्ट्रमंत्री. देखणे आणि नीटनेटके असल्यामुळं ते घालायचे त्या हॅटलाच लोक त्यांच्या नावानं ओळखायला लागले.

१९३८ च्या फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला. पंतप्रधान चेंबरलेन मुसोलिनीशी जमवून घ्यायच्या मागं होते आणि ईडन यांना ते पटत नव्हतं. हुकूमशहापुढं न झुकलेला नेता ही त्यांची ओळख तिथून पक्की झाली. ही ओळख लक्षात ठेवा, १८ वर्षांनी ती पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात चर्चिल यांच्या हाताखाली ते पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. युद्ध संपता संपता, १९४५ च्या जूनमध्ये, हवाई दलात असलेला त्यांचा मोठा मुलगा सायमन ब्रह्मदेशात बेपत्ता झाला. तो गेल्याचं नंतर कळलं. त्याच सुमारास ईडन स्वतः अल्सरनं अंथरुणाला खिळले होते. पहिलं लग्नही पुढं मोडलं. १९५१ मध्ये चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले, तेव्हा ईडन तिसऱ्यांदा परराष्ट्रमंत्री झाले. १९५२ मध्ये त्यांनी चर्चिल यांची पुतणी क्लॅरिसा हिच्याशी लग्न केलं. चर्चिल यांच्यानंतर पंतप्रधान कोण, हे सगळ्या ब्रिटनला माहीत होतं. वाट बघायची होती, बस्स.

१२ एप्रिल १९५३

पोटदुखी आणि कावीळ अधूनमधून डोकं वर काढत होती. १९५३ च्या सुरुवातीला निदान झालं, पित्ताशयात खडे आहेत. पित्ताशय काढायचं ठरलं. ईडन यांचे फिजिशियन सर होरेस इव्हान्स यांनी अशा कामात मुरलेल्या सर्जनची नावं सुचवली. पण ईडन यांनी निवड केली जॉन बेसिल ह्यूम यांची. ह्यूम नावाजलेले सर्जन होते आणि त्यांनी पूर्वी ईडन यांचं अपेंडिक्स काढलं होतं. त्या वेळी सगळं नीट झालं होतं, मग दुसरीकडं कशाला जायचं? कुणीही करेल असाच हा विचार होता.

ऑपरेशन लंडन क्लिनिकमध्ये १२ एप्रिलला झालं. चर्चिल यांनी पेशंटची इतकी काळजी घेतली, की तिचं दडपण सर्जनवर आलं. पेशंट किती महत्त्वाचा आहे, हे त्यांना वारंवार बजावलं गेलं होतं. ह्यूम अस्वस्थ झाले आणि ऑपरेशन सुरू व्हायला उशीर झाला, असं या प्रकरणाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदलेलं आहे. त्या ऑपरेशनमध्ये मुख्य पित्तनलिकेला इजा झाली.

पित्त गळायला लागलं. ताप आणि कावीळ सुरू झाली. एप्रिलच्या अखेरीस दुसऱ्या सर्जनच्या हातून पोट पुन्हा उघडावं लागलं. त्यातून जीव वाचला, नळी मात्र दुरुस्त झाली नाही.

योगायोगानं त्याच काळात अमेरिकेतले सर्जन रिचर्ड कॅटेल लंडनला आले होते. बॉस्टनच्या लेही क्लिनिकमध्ये ते बिघडलेल्या पित्तनलिका दुरुस्त करायचेच काम करत. त्यांनी ईडन यांना तपासलं आणि बॉस्टनला या म्हणून सांगितलं. ब्रिटिश मंत्र्यानं उपचारासाठी अमेरिकेला जाणं चर्चिल यांना रुचलं नाही. लंडनमध्येच करा, असा त्यांचा आग्रह होता. कॅटेल बधले नाहीत. त्यांना आपलं ऑपरेशन थिएटर, आपली माणसं आणि आपली साधनं हवी होती. पेशंट कितीही मोठा असला, तरी अवघड काम त्याच्या सोयीच्या जागी करायचं नाही, ते जिथं रोज होतं तिथंच करायचं, हा तो हट्ट होता.

१० जूनला बॉस्टनमध्ये तिसरं ऑपरेशन झालं. कॅटेल यांनी वरची उरलेली पित्तनलिका थेट लहान आतड्याला जोडली आणि जोड आकसू नये म्हणून आत एक नळी ठेवली.

आणि १३ दिवसांनी, २३ जूनला, लंडनमध्ये इटलीच्या पंतप्रधानांसाठी दिलेल्या मेजवानीत चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. ते ७८ वर्षांचे होते. तेव्हा खुर्ची सोडायची वेळ आली असती, तर वारसदार तयार होता. पण वारसदार अटलांटिकच्या पलीकडं हॉस्पिटलमध्ये होता. चर्चिल यांचं आजारपण जनतेपासून लपवलं गेलं. ते सावरले आणि पुढं जवळजवळ दोन वर्षं पदावर राहिले. ईडन ऑक्टोबरमध्ये कामावर परतले.

तेव्हा आत बघायची सोय किती होती?

१९५३ साली सोनोग्राफी रोजच्या वापरात आली नव्हती. सीटी स्कॅन आणि एमआरआय यांचा पत्ताच नव्हता. अगदी काहीच नव्हतं असंही नाही. अर्जेंटिनाच्या पाब्लो मिरिझ्झी यांनी १९३१ मध्येच ऑपरेशन चालू असताना पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढून दाखवला होता. १९३७ मध्ये हनोईत दोन डॉक्टरांनी बाहेरून यकृतात सुई घालून पित्तनलिकांचं चित्र मिळवलं होतं. पण तेव्हाच्या सुया जाड होत्या, रक्तस्राव आणि पित्तगळतीची भीती मोठी होती. त्यामुळं सर्जन बहुतेक वेळा डोळ्यांवर, बोटांवर आणि अनुभवावर काम करत.

गंमत म्हणजे ज्या वर्षी ईडन यांची नळी दुखावली, त्याच १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर या रेडिओलॉजिस्टनं एक साधी युक्ती छापून आणली. आधी बारीक सुई घालायची. सुईतून तार आत सोडायची. सुई काढून घ्यायची. मग तारेवरून नळी सरकवायची. ती युक्ती रक्तवाहिन्यांसाठी होती. पुढं १९७० च्या दशकात जपानमधून अतिशय बारीक आणि लवचीक सुई आली, ती 'चिबा सुई' नावानं ओळखली जाते. सुई आणि तारेची युक्ती एकत्र आल्यावर पोट न फाडता पित्ताला वाट करून देणं शक्य झालं. आज पुण्यात होणारी पीटीबीडी याच दोन गोष्टींवर उभी आहे.

बऱ्याचदा डॉक्टर आधी तोंडातून दुर्बीण घालून खालच्या बाजूनं पित्तनलिकेत शिरायचा प्रयत्न करतात. त्याला ईआरसीपी म्हणतात. पण अडथळा यकृताच्या अगदी दाराशी असेल, किंवा ईडन यांच्यासारखी नळी आधीच आतड्याला जोडलेली असेल, तर दुर्बिणीला तिथवर पोचणं कठीण जातं. अशा पेशंटसाठी बाहेरून सुईनं जाणं हाच पुष्कळदा मार्ग असतो.

ताप १०६, समोर सुवेझ

६ एप्रिल १९५५ ला ईडन अखेर पंतप्रधान झाले. मे महिन्यात निवडणूक घेऊन त्यांनी बहुमत वाढवलं. पण जोडलेली नळी पुन्हा आकसायला लागली होती. अधूनमधून ताप यायचा, थकवा राहायचा. झोपेसाठी गोळ्या, जागं राहण्यासाठी गोळ्या, असं चक्र सुरू झालं होतं. त्यांच्या औषधांमध्ये अँफेटामाइन होतं. हे औषध तरतरी देतं, पण चिडचिड, अस्वस्थपणा आणि फाजील आत्मविश्वासही देऊ शकतं.

२६ जुलै १९५६ ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. युरोपचं तेल या कालव्यातून जात होतं. ईडन यांना नासर यांच्यात मुसोलिनी दिसला. १९३८ मध्ये आपण झुकलो नाही आणि बरोबर ठरलो, मग आता का झुकायचं, असा त्यांचा हिशोब होता. भारतानं वाटाघाटींचा आग्रह धरला. लंडनच्या परिषदेत व्ही. के. कृष्ण मेनन यांनी तडजोडीची योजना मांडली, ती मान्य झाली नाही.

५ ऑक्टोबरला ईडन आपल्या पत्नीला भेटायला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये गेले होते. तिथंच त्यांना हुडहुडी भरली. ताप १०६ अंश फॅरनहाइटवर गेला. भेटायला आलेला माणूस त्याच हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाला. तीन दिवसांनी ते बाहेर पडले आणि लगेच कामाला लागले.

तारखांकडं बघा. १४ ऑक्टोबरला फ्रेंच दूतांनी त्यांच्यापुढं गुप्त योजना ठेवली. इस्रायलनं इजिप्तवर हल्ला करायचा आणि ब्रिटन-फ्रान्सनं शांतता राखायच्या नावाखाली कालवा ताब्यात घ्यायचा. २४ ऑक्टोबरला पॅरिसजवळ सेव्र इथं तसा करार झाला. २९ ऑक्टोबरला इस्रायलचं सैन्य शिरलं. ५ नोव्हेंबरला ब्रिटिश आणि फ्रेंच छत्रीधारी सैनिक उतरले. अमेरिका भडकली, पौंड घसरायला लागला आणि ६ नोव्हेंबरला ब्रिटनला युद्धबंदी मान्य करावी लागली. शांतता राखायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारतीय सैनिकही होते. कालवा १९५७ च्या एप्रिलपर्यंत बंद राहिला आणि मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटींना आफ्रिकेला वळसा घालून जावं लागलं.

नोव्हेंबरच्या शेवटी ईडन विश्रांतीसाठी जमैकाला गेले. देश पेट्रोलच्या रेशनिंगच्या तयारीत आणि पंतप्रधान समुद्रकिनारी, हे चित्र त्यांच्या पक्षालाही पचलं नाही. २० डिसेंबरला त्यांनी संसदेत सांगितलं, की इस्रायल हल्ला करणार याची आपल्याला आधी माहिती नव्हती. ते खरं नव्हतं. ९ जानेवारी १९५७ ला त्यांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला.

सुवेझचा निर्णय तापामुळं झाला का? ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन स्वतः डॉक्टर आहेत. त्यांनी २००५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात या आजाराचा सविस्तर अभ्यास मांडला आणि आजारपण व औषधांचा ईडन यांच्या निर्णयक्षमतेवर परिणाम झाला होता, असा निष्कर्ष काढला. दुसरीकडं काही अभ्यासक म्हणतात, की ईडन यांची मतं आजारापूर्वीच ठाम होती आणि मंत्रिमंडळ व फ्रान्सही त्यात होते. सगळा दोष पित्तनलिकेवर टाकला, तर जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला सोयीचं निमित्त मिळतं. दोन्ही बाजूंना एवढं मान्य आहे, की देशाचा सगळ्यात अवघड निर्णय घेणारा माणूस त्या दिवसांत गंभीर आजारी होता.

पुढची २० वर्षं

राजीनाम्यानंतर काही महिन्यांतच ईडन यांना पुन्हा बॉस्टनला जावं लागलं. १९५७ च्या एप्रिलमध्ये कॅटेल यांनी चौथं ऑपरेशन केलं. १९७० मध्ये पाचवं झालं, तेही बॉस्टनमध्येच. मधल्या काळात ते अर्ल ऑफ एव्हन झाले, आत्मचरित्राचे खंड लिहिले, गुरं पाळली. १४ जानेवारी १९७७ ला विल्टशरमधल्या घरी त्यांचं निधन झालं, ते प्रोस्टेटच्या कॅन्सरनं. वय ७९. नळीनं त्यांचा जीव घेतला नाही, तो आधीच्या चार दुरुस्त्यांनी वाचवला होता. पण ऐन कर्तृत्वाची वर्षं तिनं खाल्ली.

नाव मोठं, पण आकडा किती?

ईडन यांच्या प्रकरणात कुणी खलनायक नाही. ह्यूम हे अननुभवी नव्हते. अशी इजा तेव्हाही उत्तम सर्जनच्या हातून होत होती आणि आजही ती पूर्ण थांबलेली नाही. अडचण वेगळी होती. पेशंटला निवड करायची होती आणि त्यासाठी त्याच्या हातात ओळख आणि नावलौकिक यापलीकडं काहीच नव्हतं. हे विशिष्ट काम या हातांनी किती वेळा केलं, किती वेळा बिघडलं, बिघडल्यावर काय केलं, हे विचारायची पद्धतच नव्हती.

असं मोजा म्हणणारा एक सर्जन त्याच बॉस्टनमध्ये होऊन गेला होता. अर्नेस्ट कॉडमन त्याचं नाव. प्रत्येक पेशंटचं पुढं काय झालं हे हॉस्पिटलनं शोधून जाहीर करावं, असं तो म्हणायचा. त्यानं १९११ ते १९१६ या काळात आपल्या छोट्या हॉस्पिटलातून घरी गेलेल्या ३३७ पेशंटचा हिशोब छापला आणि त्यात १२३ चुका झाल्याचं स्वतःच सांगितलं. त्याच्या हयातीत सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं.

ईडन गेल्यानंतर २० वर्षांनी, १९९७ मध्ये, अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी या संस्थेनं पित्तनलिकेच्या सुईवाटे होणाऱ्या तपासणीसाठी आणि पित्त काढण्यासाठी दर्जाचे निकष जाहीर केले. २०१० मध्ये ते सुधारले. त्यात आकडे आहेत. नळ्या फुगलेल्या असतील, तर १०० पैकी ९५ पेशंटमध्ये त्यात नळी घालता आली पाहिजे. नळ्या फुगलेल्या नसतील, तर काम खूप अवघड होतं, म्हणून तिथं अपेक्षा ७० ची आहे. पित्त काढण्याच्या प्रक्रियेनंतर मोठा रक्तस्राव किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग १०० पैकी पाचांपेक्षा जास्त पेशंटमध्ये दिसला, तर धोक्याची घंटा समजायची.

घंटा म्हणजे काय, हे महत्त्वाचं आहे. आकडा ओलांडला म्हणून लगेच कुणाला दोषी धरायचं नाही. त्या विभागानं आपल्या फाइली उघडायच्या आणि कारण शोधायचं. कदाचित तिथं कॅन्सरचे अतिगंभीर पेशंट जास्त येत असतील. कदाचित अँटिबायोटिक वेळेवर दिलं जात नसेल. मोजलं तरच हा फरक कळतो.

बाकीचे निकष सुईच्या आधीचे आणि नंतरचे आहेत. ही प्रक्रिया खरंच गरजेची आहे का, की ईआरसीपीनं भागेल? आधीचे स्कॅन नीट बघून वाट ठरवली आहे का? रक्त गोठण्याची तपासणी झाली का? साधारणपणे प्लेटलेट ५०,००० च्या वर असाव्यात अशी अपेक्षा असते. अँटिबायोटिक आधी दिलं का? तुंबलेल्या नळ्यांमध्ये जोरानं रंगद्रव्य भरलं, तर जंतू रक्तात ढकलले जातात, म्हणून संसर्ग असताना आधी पित्त काढायचं आणि सविस्तर चित्र नंतर, ही शिस्त पाळायची. आणि नळी बसवल्यावर पेशंटचा माग ठेवायचा.

मुळशीच्या घरात याचा उपयोग काय?

पीटीबीडी झालेला पेशंट पिशवी घेऊन घरी येतो. आता हॉस्पिटल ४०-५० किलोमीटरवर आणि पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूचा रस्ता कसा असतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून डिस्चार्जच्या वेळी काही गोष्टी कागदावर लिहून घ्यायलाच हव्यात. नळी सलाइननं कधी आणि कुणी धुवायची? पिशवीत रोज किती पित्त येतंय ते लिहून ठेवायचं का? नळी बदलायची तारीख कोणती? बहुतेक ठिकाणी ती दोन-तीन महिन्यांनी बदलतात. नळी निसटली, पिशवीत रक्त आलं, पित्त अचानक थांबलं किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा? थंडी-ताप आणि कावीळ एकत्र आली, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

आणि सुई घालण्याआधीचे प्रश्न. ही प्रक्रिया तुमच्याकडं किती वेळा होते? आमच्या पेशंटच्या नळ्या फुगलेल्या आहेत का? रक्तस्राव झाला, तर तो थांबवायची सोय इथंच आहे का? दुसरा पर्याय कोणता आणि तो का नको? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नाही. उपचार, धोके आणि पर्याय समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००८ मध्येच सांगितलंय. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा नियम डॉक्टरांसाठी २००२ पासून आहे.

ओळखीचा डॉक्टर असला, तर चांगलंच. त्याच्याकडून गाडी लावायला जागा मिळेल, रिपोर्ट लवकर मिळेल, धीर मिळेल. पण ओळख सांगून झाल्यावर हे चार प्रश्नही विचारा. अँथनी ईडन यांच्याकडं पैसा होता, पद होतं आणि खुद्द चर्चिल त्यांच्यासाठी सर्जनच्या मागं लागले होते. हे प्रश्न मात्र त्यांच्या वतीनं कुणी विचारले नव्हते.